वही आणल्याशिवाय यायचं नाही

आमच्या गटाचा एकच नियम आहे: येताना हातात एका तरी पोराचं लिखाण हवं. वहीचं पान, पाटीचा फोटो, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेल्या चार ओळी, काहीही चालतं. रिकाम्या हातानं आलेल्याला चहा मिळतो, बोलायची पाळी मिळत नाही.

समग्र भाषा पद्धतीवर शिक्षकांचा गट कसा सुरू करायचा, हे बरेच जण फोनवर विचारतात. दरवेळी तेच सांगते, म्हणून आता लिहूनच काढते. मी अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. त्यामुळे पुढचं सगळं खेड्यातल्या शाळेचं आहे. शहरातल्यांनी एसटीच्या जागी लोकल वाचावी.

आधी हे काय आहे ते

मूल बोलायला शिकतं ते त्याला काहीतरी हवं असतं, सांगायचं असतं म्हणून. वाचन-लेखनही तसंच अर्थाच्या बाजूनं सुरू व्हावं; गोष्ट, गाणं, चिठ्ठी, दुकानाची पाटी, स्वतःचं वाक्य हे पहिल्या दिवसापासून वर्गात असावं, असं समग्र भाषा म्हणते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं हे चार वेगळे तास करायचे नाहीत.

अमेरिकेत केन गुडमन यांनी १९६० च्या दशकात मुलांना मोठ्यानं वाचायला लावून त्यांच्या चुका बारकाईनं तपासल्या. मूल चुकतं तेव्हाही डोकं चालवत असतं, हे त्यांचं म्हणणं तिथून आलं. पण विचार पसरवला तो शिक्षकांच्या छोट्या गटांनी. मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात डोरोथी वॉटसन यांच्याभोवती असा एक गट जमला. पुढे अमेरिका-कॅनडात असे बरेच गट झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी मिळून एक महासंघ केला. कुठल्याही परिपत्रकाशिवाय वर्गातले शिक्षक आपापल्या वेळात एकत्र बसले, हे मला त्यात फार आवडतं.

दुसरी बाजूही गटाला पहिल्याच दिवशी सांगा. कॅलिफोर्नियानं १९८७ मध्ये याच वळणाचा आराखडा राज्यभर लागू केला. १९९४ च्या राष्ट्रीय चाचणीत तिथल्या चौथीच्या मुलांचे निकाल देशात खालच्या टोकाला गेले आणि पारडं फिरलं. वर्गातली गर्दी, प्रशिक्षणाचा अभाव अशी इतर कारणंही होती. पण मुलाला नुसतं पुस्तकांच्या सहवासात ठेवलं की ते आपोआप वाचू लागतं, हे म्हणणं टिकलं नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड बऱ्याच मुलांना उघड शिकवावी लागते.

मराठीत तर लागतेच. व्यंजनं गुणिले स्वरचिन्हं केलं की चारशेच्या आसपास आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं किंवा पालघरमध्ये क्वेस्ट या संस्थेनं जे काम केलंय त्यात अक्षरंही आहेत आणि गोष्टीही: थोडी अक्षरं घ्यायची, लगेच त्यांचे शब्द, लगेच वाक्य, आणि शेजारी रोजचं गोष्टीचं पुस्तक. आमचा गट याच रस्त्यानं जातो. ‘बाराखडी हवी की नको’ या वादात ज्याला रस आहे त्याच्यासाठी आम्ही एक बैठक ठेवतो. एकच.

चार माणसं शोधा

माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत वेळ मागून घेतली आणि ४२ स्लाइडचं सादरीकरण केलं. टाळ्या पडल्या. ‘मॅडम, पीपीटी पाठवा’ असं बारा जणांनी सांगितलं. पुढच्या शनिवारी माझ्या शाळेत बोलावलं तर मी आणि शिपाईकाका.

दुसऱ्या खेपेला मी सादरीकरण सोडून माणसं शोधली. केंद्रात एक सर होते, मुलांच्या मजेशीर चुका ते मधल्या सुट्टीत सांगत बसायचे. मुलांना हसणं वेगळं आणि मुलांच्या डोक्यात काय चाललंय याची गंमत वाटणं वेगळं. सर दुसऱ्या प्रकारातले. अशी माणसं तुमच्याही केंद्रात आहेत. ‘उपक्रमशील’ म्हणून नाव झालेल्यांच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नका, त्यांना आधीच दहा समित्या असतात.

चार ते सहा जण पुरेत. एकाच एसटीच्या रस्त्यावरच्या शाळा असल्या तर उत्तम, नाहीतर पावसाळ्यात गट मोडतो. अंगणवाडीच्या ताईंना पहिल्यापासून बोलवा. मूल पहिलीत येईपर्यंत तिनं त्याला तीन वर्षं पाहिलेलं असतं आणि आपण तिला काहीच विचारत नाही. आश्रमशाळेतलं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतलं अंतर ते रोज चालतात.

केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला, पण पत्र मागू नका. पत्र निघालं की उपस्थिती आली, अहवाल आला, फोटो आले. आमच्या केंद्रप्रमुखांना आम्ही सांगितलं, ‘सर, तुम्हीही या, फक्त एक वही घेऊन या.’ ते तिसऱ्या बैठकीला आले. वही नव्हती, पण स्वतःच्या नातवाची चिठ्ठी खिशात होती. चालली.

वेळ आणि जागा

महिन्यातून एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर, दोन तास. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून पहिली बैठक जुलैत धरा. बसायचं शाळेतच, प्रत्येक वेळी वेगळ्या. हॉटेलात बसलं की बदल्या आणि वेतन आयोग सुरू होतो. शाळेत बसलं की भिंतीवर मुलांचं काही ना काही असतं, नजर तिकडे जाते. ज्याची शाळा त्याचा चहा. चिवडा-पोहे सुरू करू नका. पुढच्या महिन्यात कोण काय करणार याची चढाओढ लागते आणि ती बायकांच्याच अंगावर पडते.

दोन वह्या, एक तास

गटाचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते. पोळ्यानंतरच्या बैठकीला मी माझ्या दुसरीतल्या एका मुलाचं पान नेलं होतं. मुलाचं नाव झाकलेलं, तारीख वर लिहिलेली. पानावर एवढंच:

आमच्या बयलाले बाबान झुल घातलि. मले बी टोपि घेतलि.

पान मधे ठेवलं. पहिली दहा मिनिटं चुका सांगायच्या नाहीत. या मुलाला काय येतं, एवढंच सांगायचं. पहिल्यांदा हे फार जड जातं. एका सरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि ते स्वतःच हसले.

मग हळूहळू निघू लागलं. दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींनंतर पूर्णविराम आहे. पहिल्या वाक्यात बैल, दुसऱ्यात मी, आणि दोघांना जोडणारं ‘बी’ आहे. बैलाला झूल तशी मला टोपी, हे त्याला सांगायचंय आणि ते पोचतंय. ‘बैल’चं ‘बयल’ केलंय, म्हणजे पोरगं आवाज नीट ऐकून लिहितंय. ‘ऐ’ची मात्रा त्याच्या हाताला अजून लागलेली नाही. ‘मले’, ‘बयलाले’ ही त्याची वऱ्हाडी आहे, चूक नाही.

त्यानंतर दुसरा प्रश्न: उद्या याला काय शिकवायचं? इथे गंमत झाली. घातलि, टोपि, घेतलि ही आपण तीन चुका मोजतो. पण मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी सहसा दीर्घ असते, हा एक नियम कळला की तिन्ही जातात. ‘झुल’चा नियम वेगळा, तो झूल, फूल, मूल, चूल असे शब्द एकत्र मांडून दाखवता येतो. म्हणजे पानभर लाल गोल मारण्यापेक्षा दोन छोटे धडे. तेही त्याचेच शब्द घेऊन. ‘बैल’साठी बैलाची गोष्ट असलेलं एक पुस्तक त्याच्या हातात द्यायचं आणि विचारायचं, ‘पुस्तकवाल्यानं कसं लिहिलंय रे?’ आणि ‘मले’ आम्ही त्याच्या वहीत तसंच ठेवलं. पुस्तकात ‘मला’ असतं, घरी ‘मले’ असतं, हे तो दोन-तीन महिन्यांत स्वतःच सांगू लागला.

तिसरा आणि शेवटचा प्रश्न वही आणणाऱ्याला: तुम्ही पुढच्या वेळी काय घेऊन येणार? त्याच मुलाचं पुढचं पान आणलं तर फार चांगलं.

एका बैठकीत दोनच वह्या. सहा जणांनी सहा आणल्या तरी दोनच उघडायच्या, बाकीच्या चहाच्या वेळी फिरतात. मुलांची नावं आणि चेहरे गटाबाहेर जाता कामा नयेत. हे व्हॉट्सॲपवर सगळ्यात आधी मोडतं.

ऐकायला शिका

लिखाण दोन-तीन महिने पाहून झालं की वाचनाकडे वळा. मुलानं याआधी न वाचलेला, थोडा अवघड, शंभरेक शब्दांचा उतारा घ्या. एक प्रत त्याच्या हातात, एक तुमच्या. ते वाचतं तसं तुम्ही शब्दाच्या वर लिहायचं. अडवायचं नाही, सांगायचं नाही. शेवटी पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ एवढं विचारायचं. फोनवर नुसता आवाज टिपला तर गटात पुन्हा ऐकता येतो.

उताऱ्यात वाक्य होतं: ‘काळ्या गाईचे डोळे मोठे होते.’ एका मुलीनं वाचलं, ‘काय्या गायीचे डोये मोठे होते.’ दुसऱ्यानं वाचलं, ‘काळ्या गाईचे डोके मोठे होते,’ आणि तसाच पुढे गेला. तिसऱ्यानं प्रत्येक अक्षर बोटानं दाबत अगदी बरोबर वाचलं आणि काय मोठं होतं असं विचारल्यावर माझ्याकडे बघत राहिला.

चुका मोजायला बसलात तर तिसरा पहिला येतो. पण मुलीनं अर्थ एक तसूभरही सोडलेला नाही. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, घराघरात होतो, तिला डोळ्यांनी ‘ळ’ दिसला आणि तोंडानं ‘य’ म्हटला. दुसरा वाक्याच्या रेट्यात आहे, वाक्यात बसेल असा शब्द तो उचलतो, पण ‘ळ’ आणि ‘क’ नीट पाहत नाही. त्याला थांबून अक्षराकडे बघायला शिकवायचं. तिसऱ्याला अक्षरं पुरेशी झाली, त्याच्याशी गोष्टीबद्दल बोलायला हवं. तिघांना एकच वाचनपाठ दिला तर कुणालाच काही मिळत नाही.

२०२१ मध्ये निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान आल्यापासून मिनिटाला किती शब्द हे सगळ्यांच्या तोंडी आहे. तिसरीच्या शेवटी साठ. गती लागतेच, मी तिच्या विरुद्ध नाही. पण मराठीत ‘घराजवळच्या’ हा एकच शब्द असतो आणि ‘तो’ हाही एकच. घड्याळ लावा, आणि मिटल्या पुस्तकाचा प्रश्नही विचारा.

वाचायला काय द्यायचं

पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं सलग अभ्यास झाला होता. अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवण्यात बराच वेळ जातो, अर्थ लावायला आणि स्वतःचं लिहायला फार थोडा उरतो, असं त्यात दिसलं. आपल्या वर्गाकडे बघा, वेगळं दिसणार नाही. याचं एक साधं कारण म्हणजे वाचण्यासारखं काही हाताशी नसतं.

गटाचा पहिला व्यावहारिक फायदा इथे होतो. प्रत्येक शाळेनं पंचवीस पुस्तकांची एक पेटी करायची आणि दर बैठकीला पेट्या बदलायच्या. पाच शाळा असल्या की पाच महिन्यांत मुलांना सव्वाशे पुस्तकं मिळतात, खर्च शून्य. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून शिवता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. पुस्तकं फाटणार. सेलोटेप पेटीतच ठेवा.

पण आमच्या मुलांनी सगळ्यात आधी वाचलं ते पुस्तकाबाहेरचं. विदर्भात पोळ्याला झडत्या, म्हणजे बैलांसमोर म्हणायच्या यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरंही म्हणतात. पोरांना त्या तोंडपाठ असतात. तोंडपाठ मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिला आणि म्हणता म्हणता बोट फिरवलं, की आवाज कुठे संपतो आणि शब्द कुठे संपतो हे मुलाला दिसायला लागतं. भुलाबाईच्या गाण्यांचंही तेच. आम्ही पाच गावांतून झडत्या जमवल्या. मुलांनी आजोबांकडून आणल्या, कच्च्या पानांवर लिहिल्या, आम्ही त्यांची हाती लिहिलेली पुस्तकं केली. एकच झडती शेजारच्या गावात एका शब्दानं वेगळी निघाली आणि तिसरीची मुलं ‘आपलीच खरी’ म्हणून भांडली. शब्दावरून भांडण, तेही कागद पुढे ठेवून! निवडताना एक सांभाळा: काही झडत्या चांगल्याच चावट असतात. आजोबा आधी म्हणून दाखवतात, मग जीभ चावतात.

एकमेकांच्या वर्गात

सहा महिन्यांनी एकमेकांचा वर्ग पाहायला जा, त्याआधी नको. दोनशिक्षकी शाळा सोडून जायचं कसं? युक्ती अशी: मुख्याध्यापकांच्या अधिकारातली स्थानिक सुट्टी प्रत्येक गावात वेगळ्या दिवशी पडते, कुठे जत्रा, कुठे उरूस. तुमच्या गावची जत्रा म्हणजे शेजारच्या गावचा चालू वर्ग. पाहुण्यानं फक्त मुलं काय म्हणाली आणि काय केलं तेवढं लिहायचं. ‘छान’ नाही, ‘सुधारणेस वाव’ तर नाहीच. तपासणीची आपल्याला इतकी सवय आहे की वहीत बाणसुद्धा काढला तरी समोरच्या बाईंचा आवाज बदलतो.

आणि नक्कल करू नका. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा समूह, दहाएक वर्षांपूर्वी गाजलं, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. त्या शाळांमधली मुलं आपापसात बोलत शिकत होती. आम्ही परत येऊन काय केलं? फरशी रंगवली. आकृत्या, चौकटी, सापशिडी. रंग सुंदर होता, बोलणं आणायचं राहिलं.

अडणारच अशा जागा

पालक विचारतात, ‘मॅडम, बाराखडी कधी घेता?’ त्यांना पद्धत समजावू नका. जुलैची वही आणि डिसेंबरची वही शेजारी ठेवा. बाराखडीचा तक्ता भिंतीवर असू द्या, त्यांचा प्रश्न रास्त आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. गटाचे तास त्यात धरले जातील या आशेवर कुणाला बोलावू नका. तासांसाठी आलेला माणूस तासांबरोबर जातो.

व्हॉट्सॲप गटात शुभ सकाळ, वाढदिवस आणि शासन निर्णय, तिन्ही बंद. आम्ही गटाच्या नावातच ते लिहून टाकलंय, तरी दसऱ्याला आपट्याची पानं येतातच.

एक रजिस्टर ठेवा. साधं, शंभर पानी. तारीख, कुणाची शाळा, कुणाचं पान पाहिलं, शेवटी न सुटलेला एक प्रश्न. पुढची बैठक त्या प्रश्नानं उघडायची. बदली झाली की रजिस्टर जुन्या गटाकडे राहतं आणि जाणारा त्याची झेरॉक्स घेऊन जातो.

माझी बदली झाली तेव्हा मीही झेरॉक्स घेऊन निघाले. नव्या केंद्रातल्या पहिल्या बैठकीला आम्ही तिघीच: मी, शेजारच्या शाळेतल्या एक मॅडम आणि अंगणवाडीच्या ताई. ताईंनी चार वर्षांच्या मुलीचा कागद आणला होता. नुसत्या रेघोट्या, एक गोल, आणि कोपऱ्यात एक उलटा ‘म’, आरशात दिसावा तसा. ‘हिच्या नावात म नाही,’ ताई म्हणाल्या, ‘आणि मी अजून अक्षरं दाखवलीही नाहीत.’ आम्ही कागद फिरवून फिरवून पाहिला. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, सहजच रेघ जुळून आली असेल. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी विचारलं, ‘ताई, तिच्या आईचं नाव काय हो?’